उतारावरचं मैदान : योव्हिल टाउनचा पराक्रम खरा किती, उताराचा किती?

परागंदा
बायकोच्या नोकरीपायी दीड वर्षापूर्वी इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, सोमरसेटमधल्या योव्हिल गावी येऊन पडलो. पूर्वी हातमोज्यांसाठी नावाजलेलं गाव, आता हेलिकॉप्टरच्या कारखान्यासाठी. शेजारी एक आजोबा राहतात, वय ८५. त्यांची आई घरबसल्या कारखान्याचे हातमोजे शिवून द्यायची. आजोबांचे विषय तीनच. हवा, परसातले बटाटे आणि २९ जानेवारी १९४९.

त्या दिवशी गावच्या क्लबनं, योव्हिल टाउननं, एफए कपच्या (इंग्लंडच्या लहानमोठ्या क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) चौथ्या फेरीत संडरलंडला २-१ असं हरवलं. संडरलंड तेव्हा पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर. सहा वेळा लीग जिंकलेले, १९३७ साली कपही घेतलेला. पैसा इतका सोडायचे की लोक त्यांना 'बँक ऑफ इंग्लंड क्लब' म्हणत. लेन शॅकलटनला त्यांनी वर्षभर आधीच २०,०५० पौंडांना उचललं होतं, तेव्हाचा विक्रमी भाव. योव्हिल मात्र सदर्न लीगमध्ये, म्हणजे मुख्य फुटबॉल लीगच्या उंबरठ्याबाहेर. बरेचसे खेळाडू आठवडाभर नोकरीधंदा करून शनिवारी बूट चढवणारे.

आता मुद्दा. योव्हिलचं जुनं मैदान, ह्यूइश, आडवं उतरतं होतं. एका साइडलाइनपासून दुसरीपर्यंत कित्येक फुटांचा फरक. आजोबांनी मला प्रात्यक्षिकच दिलं. चहाचा ट्रे तिरका धरला, त्यावर वाटाण्याचा एक दाणा सोडला आणि म्हणाले, "हा चेंडू. आता कॉर्नर मार." वाटाणा घरंगळत माझ्या मांडीवर.

पण ऑफिसातला एक सहकारी (तो ब्रिस्टलचा, त्याला योव्हिलचं कौतुक सोसत नाही) म्हणतो, तो विजय टेकडीचा होता, संघाचा नव्हे. तुम्हाला काय वाटतं? इथे फुटबॉलवेडे बरेच आहेत म्हणून विचारतोय.

लोकलप्रवासी
पहिला! सतरंजी टाकून बसलोय.

बाराबंदी
उतार दोन्ही संघांना सारखाच असतो. हाफटाइमला बाजू बदलतात. विषय संपला.

जांभाखडक
बाराबंदी, विषय संपला म्हणणाऱ्यानं उतारावर खेळलेलं नाही हे नक्की.

आमच्या कोकणातल्या शाळेचं मैदान डोंगर तासून केलेलं. वरच्या अंगाला जांभ्याची दरड, खालच्या अंगाला गडगा आणि गडग्यापलीकडे भातमळा. जो चेंडू खाली घालवील त्यानं आणायचा हा नियम. पावसाळ्यात आणायला गेलेला पोरगा पोटरीपर्यंत चिखल घेऊन यायचा, तोवर सगळे उभे. आम्ही काय शिकलो? वरच्या कडेनं पास द्यायचा तर ज्याला द्यायचाय त्याच्या दोन हात वर मारायचा, चेंडू आपसूक त्याच्या पायाशी उतरतो. खालच्या कडेला चेंडू हळू मारायचाच नाही. बाहेरगावची शाळा आली की त्यांचे पास सरळ जायचे. म्हणजे मळ्यात.

तालुक्याचा संघ आमच्याकडे येऊन दोनदा हरून गेला. आम्ही तालुक्याला गेलो, तर किती गोल खाल्ले ते इथे लिहीत नाही.

तेव्हा उतार सारखा असतो, सवय सारखी नसते.

अनुस्वार
जांभाखडक, प्रतिसाद आवडला. फक्त एक. मैदान उभं उतरतं असेल, म्हणजे एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे, तर बाजू बदलल्यानं फिटंफाट होते. आडव्या उतारात बाजू बदलूनही काहीच बदलत नाही. डाव्या पंखाला खाली खेळणारा उत्तरार्धात वर खेळतो एवढंच. तेव्हा बाराबंदी यांचा 'विषय संपला' तांत्रिकदृष्ट्याही टिकत नाही.

अवांतर : लीगबाहेरच्या क्लबनं अख्खा कप जिंकल्याचं एकच उदाहरण आहे, १९०१चं टॉटनहॅम. तेही याच सदर्न लीगमधले. पहिली फायनल २-२ सुटली, तिला लाखावर माणूस होतं. दुसरी बोल्टनला झाली, ३-१. त्यामुळे 'उंबरठ्याबाहेर' म्हणजे कच्चे लिंबू असं समजू नये.

बाराबंदी
अनुस्वार, मान्य. शेपूट घातली.

खडीसाखर
मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही पण वाटाणा आवडला. आजोबांबद्दल अजून लिहा ना.

रेफरी_निवृत्त
नीट सांगतो, कारण हा सामना माझ्या आवडीचा. जन्माच्या आधीचा असला तरी.

योव्हिलचा खेळाडू-मॅनेजर ॲलेक स्टॉक, वय ३१. सोमरसेटचाच माणूस. युद्धात रणगाड्यांवर कॅप्टन होता, नॉर्मंडीत जखमी झाला होता. दुसऱ्या डिव्हिजनच्या बरीला तिसऱ्या फेरीत ३-१ हरवून हे चौथीत आले आणि समोर संडरलंड. स्टॉकनं काय केलं असेल तर त्या उताराचं वर्तमानपत्रांपुढे भरपूर भांडवल केलं. इतकं, की लोकांना वाटावं कोकरं चरायला सोडतात त्या डोंगरावर सामना आहे. संडरलंडवाले गावात पोचायच्या आधीच उतार त्यांच्या डोक्यात शिरला होता.

सामन्याआधी नेहमीचा गोलकीपर स्टॅन हॉल जखमी. मग डिकी डाइक नावाचा पोरगा गोलमध्ये. वकिलाच्या कचेरीत कारकून! आणि समोर शॅकलटन. २८व्या मिनिटाला स्टॉकनंच पहिला गोल मारला. उत्तरार्धात संडरलंडच्या जॅकी रॉबिन्सननं बरोबरी केली. ९० मिनिटं संपली, १-१.

एक्स्ट्रा टाइममध्ये धुकं उतरायला लागलं. शॅकलटनला लोक फुटबॉलचा विदूषक-राजपुत्र म्हणायचे, साधा पास दिला तर त्याला चुकल्यासारखं व्हायचं. त्यानं पाठमोरा होऊन डोक्यावरून चेंडू भिरकावला. तो योव्हिलच्या रे राइटच्या हाती... म्हणजे पायी लागला. त्यानं एरिक ब्रायंटला दिला, ब्रायंटनं गोल. २-१. उरलेला वेळ धुक्यात.

आता मला सांगा, ओव्हरहेड किक उतारानं मारायला लावली का?

परागंदा
रेफरीकाका, अगदी हेच! आजोबा वडिलांच्या खांद्यावर बसून बघत होते. त्यांना विजयी गोल दिसलाच नाही. धुकं, पुढच्या माणसांच्या टोप्या, मध्येच वडिलांनी उडी मारली, ते पडता पडता वाचले. गोल झाल्याचं त्यांना उडीवरून कळलं. पंधरा-सोळा हजार लोक होते म्हणतात.

खडीसाखर, आजोबांचं काय सांगू. माझ्या मराठी चहाला ते 'सूप' म्हणतात.

गडबडगुंडा
योव्हिल की येओव्हिल? नकाशावर तर स्पेलिंग भलतंच दिसतंय.

परागंदा
योव्हिल. पहिल्या आठवड्यात मी बसमध्ये 'येओविल' म्हणालो, ड्रायव्हरनं मला दोन थांबे मागचं तिकीट दिलं.

पेठकरी
भावा, हे वाचून आमचं शाहू स्टेडियम आठवलं. कोल्हापूरच्या बाहेरच्या लोकांस्नी सांगून पटत न्हाई, पण आमच्याकडं फुटबॉल तालमीचा आणि पेठेचा असतोय. पोरगा दिवसभर दुकानात, वर्कशॉपात, आणि संध्याकाळी पाटाकडील नायतर दिलबहारचा जर्सी घालून उतरला की अख्खी गल्ली गॅलरीत. तुमच्या आजोबांची उडी आमच्यातल्या कुठल्याबी म्हाताऱ्याला कळंल.

उताराचं म्हणाल तर जांभाखडक बरोबर बोलतोय. घरचं मैदान म्हंजे घरचं.

अर्धीचड्डी
सगळे योव्हिल योव्हिल करताय, हेरफर्ड विसरलात का? ५ फेब्रुवारी १९७२. तिसऱ्या फेरीची रीप्ले (बरोबरीनंतरचा फेरसामना), न्यूकॅसल पहिल्या डिव्हिजनचे, हेरफर्ड लीगबाहेरचे. आधी न्यूकॅसलला जाऊन २-२ करून आले. मग रीप्ले पावसाचिखलानं पुढे पुढे ढकलली, शेवटी चौथ्या फेरीच्या दिवशीच खेळवली. ८२व्या मिनिटाला मॅल्कम मॅकडोनल्डनं न्यूकॅसलला पुढे नेलं. सगळं आटोपलं असं वाटत असताना रॉनी रॅडफर्ड, पेशानं सुतार, चिखलात एक-दोन केलं (पास देऊन लगेच परत घेतला) आणि तीस यार्डांवरून लावला वरच्या कोपऱ्यात. पोरं मैदानात घुसली, सगळे पार्का, म्हणजे टोपीवाली जाडी जाकिटं घातलेले. एक्स्ट्रा टाइममध्ये बदली आलेल्या रिकी जॉर्जनं दुसरा घातला. उतार नाही, धुकं नाही. हा खरा पराक्रम.

त्याच वर्षी हेरफर्डला लीगमध्ये घेतलं. बॅरो नावाच्या क्लबला काढून.

जांभाखडक
उतार नाही पण चिखल होता ना! परत मैदानच.

रेफरी_निवृत्त
अर्धीचड्डी, तुमचा सामना मोठाच. पण तो आपल्याला इतका पाठ का आहे? कॅमेरा होता म्हणून. समालोचक जॉन मॉटसनचा आवाज त्या गोलवर आहे, त्या दिवसानं त्याचंही भलं झालं. दर जानेवारीत तो गोल टीव्हीवर दाखवतात. योव्हिलचा सामना घराघरांतल्या पडद्यावर कधी आलाच नाही, तो सांगोवांगी टिकला. वाटाणा आणि ट्रे घेऊन सांगावा लागतो यातच आलं.

रिकी जॉर्जचा पुढचा किस्सा सांगतो. १९९८ साली ग्रँड नॅशनल घोड्यांची शर्यत अर्थ समिट नावाच्या घोड्यानं जिंकली. त्याच्या मालकांपैकी एक हाच. काही माणसांच्या नशिबात चिखलच लाभलेला असतो.

अर्धीचड्डी
हे माहीत नव्हतं! __/\__

जुहूचा_तंत्रज्ञ
योव्हिल हे नाव वाचून धागा उघडला. फुटबॉलचं सोडा, त्या गावच्या वेस्टलँड कारखान्याची हेलिकॉप्टरं मी ओळखतो. १९८६ नंतर पवनहंस या आपल्या सरकारी हेलिकॉप्टर कंपनीसाठी वेस्टलँड-३० जातीची २१ आली, ब्रिटनच्या मदतनिधीतून. मी तेव्हा जुहूच्या विमानतळावर नवीन लागलो होतो. यंत्राच्या पाटीवर योव्हिल कोरलेलं. आम्ही 'येविल' म्हणायचो, ड्रायव्हरनं आम्हालाही मागचंच तिकीट दिलं असतं. १९९१ मध्ये सगळी जमिनीवर बसवली, पुढे काही परत इंग्लंडला गेली.

एक गोष्ट लक्षात आहे. मदतीला आलेला तिकडचा एक फिटर, गोरापान, उन्हानं लालेलाल. आमच्यापैकी एकानं विचारलं, तुमच्या गावात बघण्यासारखं काय? तर तो हात तिरका करून काहीतरी दाखवायचा आणि हसायचा. आम्हाला वाटायचं हेलिकॉप्टर उतरतंय. आज कळलं तो मैदान दाखवत असणार. पस्तीस-छत्तीस वर्षांनी ट्यूब पेटली.

खडीसाखर
काका, हा या धाग्यावरचा सगळ्यात भारी प्रतिसाद.

लोकलप्रवासी
+१००

बाराबंदी
शेपूट घातली होती, परत काढतोय. पुढच्या फेरीचं कोणी बोलत नाही! पाचव्या फेरीत योव्हिल मँचेस्टर युनायटेडकडे. ओल्ड ट्रॅफर्ड युद्धात बॉम्बनं उद्ध्वस्त, म्हणून सामना मँचेस्टर सिटीच्या मैदानावर, मेन रोडला. ८१,५६५ प्रेक्षक. सपाट मैदान. निकाल ८-० हार, एकट्या जॅक रोलीचे पाच. म्हणजे उतार काढला आणि आठ गोल. ब्रिस्टलवाला बरोबर.

रेफरी_निवृत्त
बाराबंदी, त्या काळच्या युनायटेडकडून आठ खाणं याला उताराचा अभाव हे कारण लागत नाही. १९४८चा कप त्यांच्याच घरात होता.

अनुस्वार
आता माझा मुद्दा, जरा लांब आहे.

सगळे उतार, धुकं, शॅकलटन यावर बोलत आहेत. पण ९० मिनिटांनंतर १-१ असताना एक्स्ट्रा टाइम खेळलाच का गेला? कपचा नेहमीचा रिवाज म्हणजे पहिला सामना बरोबरीत सुटला की रीप्ले, तोही दुसऱ्या संघाच्या मैदानावर. तो रिवाज असता तर स्टॉकची मंडळी संडरलंडच्या रोकर पार्कला गेली असती. सपाट मैदान, कडाक्याची थंडी, हजारोंनी घरचे प्रेक्षक. पुढे काय झालं असतं ते सांगायला ज्योतिषी नको.

पण युद्धानंतरचे ते दिवस टंचाईचे. आठवड्यात मधल्या वारी सामने झाले की कामगार कामावर दांडी मारतात, उत्पादन बुडतं, अशी ओरड होती. म्हणून त्या काळात पहिल्याच सामन्यात एक्स्ट्रा टाइम खेळवायचं ठरलं होतं. म्हणजे संडरलंडला उतारानं नाही, कारखान्यांच्या हजेरीपटानं घालवलं. ब्रायंटचा गोल एक्स्ट्रा टाइममधला आहे, विसरू नका.

आणि गंमत बघा. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून रीप्ले बंद झाल्या. मोठ्या क्लबांना सामने फार होतात म्हणून. लहान क्लब चिडले, आणि बरोबरच. जानेवारी २०२५ मध्ये पाचव्या पायरीवरच्या, म्हणजे लीगबाहेरच्या टॅमवर्थनं टॉटनहॅमला ९० मिनिटं ०-० रोखलं. आधीच्या नियमानं लंडनला रीप्ले, तिकिटांच्या पैशात वाटा, दोन-तीन वर्षांची बेगमी. नव्या नियमानं एक्स्ट्रा टाइममध्ये तीन गोल खाऊन घरी. २००५ साली एक्सेटर, तेव्हा लीगबाहेर आणि कर्जात बुडालेला, ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० करून आला. त्या सामन्याच्या आणि रीप्लेच्या पैशानं क्लब वाचला.

जो नियम टॅमवर्थला नडला त्यानंच योव्हिलला तारलं. नियम तोच, कारणं वेगळी.

मिरगाचा_किडा
अनुस्वार यांनी धागा जिंकला. अनुस्वाराबद्दल आजवर जे काही बोललो ते परत घेतो (शुद्धलेखनाचं सोडून).

परागंदा
हे आजोबांना सांगितलं. दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "रोकर पार्कलाही जिंकलो असतो." मी पुढे काही बोललो नाही. बटाट्यांवर आलो.

टेकडीवरचा_म्हसोबा
एक पुरावा राहिलाय. योव्हिलनं लीगबाहेर असताना एकूण २० लीग क्लबांना कपात धूळ चारली, हा विक्रम आहे. १९९० साली त्यांनी जुनं ह्यूइश सोडलं, गावाच्या कडेला नवीन सपाट मैदान बांधलं. उतार हेच खरं कारण असतं तर त्यानंतर पराक्रम थांबायला हवे होते. थांबले का? १९९२ मध्ये टॉर्कीच्या घरी जाऊन ५-२. पुढच्या मोसमात फुलहॅमला हरवलं. २००० साली कोलचेस्टरच्या मैदानावर ५-१, लगेच पुढच्या फेरीत ब्लॅकपूलला त्यांच्याच घरी १-०. हे सगळं सपाटीवर, त्यातलं बरंचसं परक्या सपाटीवर.

आणि तो स्टॉक. उतारावरचा मॅनेजर म्हणून त्याला निकालात काढाल तर पुढे १९६७ साली त्यानं क्वीन्स पार्क रेंजर्सला लीग कप मिळवून दिला आणि १९७५ मध्ये दुसऱ्या डिव्हिजनच्या फुलहॅमला एफए कपच्या फायनलला नेलं. वेम्बली सपाट आहे, माझ्या माहितीप्रमाणे.

ब्रिस्टलवाल्याला हे छापून द्या.

बाराबंदी
शेपूट. पुन्हा. कायमची.

जांभाखडक
मी मात्र माझ्या मतावर ठाम. २० वेळा जिंकायला संघ लागतो, कबूल. पण १९४९च्या त्या एका दुपारी संडरलंडचे पास कुठे जात होते ते मला विचारा.

अर्धीचड्डी
लिंकन सिटी क्लबचं कोणीच काढलं नाही. २०१७ला लीगबाहेरचा क्लब उपांत्यपूर्व फेरीत, १९१४ नंतर पहिल्यांदा. प्रीमियर लीगमधल्या बर्नलीला त्यांच्या घरी १-०, सामना संपता संपता. मॅनेजर आणि त्याचा मदतनीस दोघे भाऊ, आधी शाळेत पीटीचे मास्तर! पुढे आर्सेनलनं ५-० केलं, पण तोवर मास्तरांनी वर्ग गाजवला होता.

खडीसाखर
पीटीचे मास्तर, सुतार, वकिलाचा कारकून. हा कप म्हणजे लग्नाच्या बैठकीत मुलगा काय करतो विचारल्यावर येणारी उत्तरं आहेत.

गडबडगुंडा
परागंदा, त्या जुन्या मैदानाच्या जागी आता काय आहे?

परागंदा
टेस्को. मोठं सुपरमार्केट आणि गाड्यांचा तळ. आम्ही आठवड्याचं सामान तिथूनच आणतो, आणि मला आजवर माहीतच नव्हतं.

जांभाखडक
मग वाटाणा घेऊन जा!!!

पेठकरी
वाटाणा दिसायचा न्हाई डांबरावर. संत्रं ने.

परागंदा
काल शनिवार, गेलो. संत्रं तिथूनच विकत घेतलं, बायको गाडीत बसून 'मी याला ओळखत नाही' या आविर्भावात. रिकामी जागा बघून खाली ठेवलं. घरंगळलं! साधारण चार हात जाऊन एका लाल गाडीच्या चाकाला टेकलं. पण वाराही होता, त्यामुळे नक्की सांगत नाही. परत एकदा ठेवणार तोच सुरक्षारक्षक आला. मी त्याला १९४९ म्हणालो. तो साठीचा असेल. त्यानं संत्रं उचललं, दोन गाड्या पलीकडे जाऊन ठेवलं आणि म्हणाला, "वरची बाजू इकडे होती."

रेफरी_निवृत्त
घरंगळलं का?

परागंदा
पावसाला सुरुवात झाली. पुढच्या शनिवारी.